बिबड्यांचा दिवस

ऑपरेशन होऊन मी घरी आले त्या दिवसापासून आमच्या घरातल्या वस्तू माझ्यापासून मागे सरकतात. उंबरा ओलांडला तशी आधी खुर्ची सरकली. मग तांब्या. पाण्यासाठी हात पुढे करावा, तर तो फळीवरून तेवढाच मागे जातो. मी म्हटलं, याला कुणीतरी शिकवलंय.

शिकवणारी माणसं घरातलीच. माझ्या आतड्याचा कॅन्सर काढला आणि पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावली. शी आता तिच्यात होते. झालंय ते एवढंच. पण भागवत, माझा पोटचा पोरगा, दारात उभा राहून लोकांना सांगतो, "आईला ॲसिडिटी आहे." तो असं बोलला की माझी खाट माझ्यापासून हातभर लांब जाते. सून उज्ज्वला ताट दुरूनच ठेवते, आणि ताट तिथून आणखी दूर जातं.

"आई, जेवा ना," ती म्हणते.

ताटामागे रांगत येऊ का गं? रांगले नाही. उभ्यानंच त्याच्या पाठोपाठ गेले आणि त्याला कोपऱ्यात गाठलं. कोपऱ्यात सरकायला जागा नसते. तिथे उभी राहून जेवले.

चैत्रात गल्लीतल्या बाया आमच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालतात. ज्वारीचा घाटा पहाटेच शिजतो. पहिला हात माझा. ओल्या हातानं पहिला बिबडा मी खाटेवरच्या कापडावर थापायचा, मीठ-तिखट सांगायचं, मग बाकीच्यांनी बसायचं. मी लग्न होऊन आले, सासू गेली, तेव्हापासून हेच. यंदा मला कुणी हाक मारली नाही. वर गच्चीत पातेलं ओढल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं.

जिना चढले. पायऱ्या पायाखालून आखडत होत्या. दाबून पाय दिला.

गच्चीवर सगळ्या होत्या. मला बघताच पदर नाकाला गेले. वास यायच्या आधीच.

"अगं बाई, जिजी!" शेजारची सरूबाई म्हणाली. "ॲसिडिटी बरी आहे का आता?"

"कॅन्सर आहे. आतड्याचा. पिशवी दाखवू?"

खाटा मागे सरकल्या. घाट्याचं पातेलं फरशीवर खरखरत गेलं. बाया मांडी न मोडता, बसल्या बसल्या मागे गेल्या.

"आई, खाली चला. ऊन लागेल," उज्ज्वला म्हणाली.

"मला ऊन लागतंय, का तुम्हाला वास?"

"कुणी काही म्हणालं का तुम्हाला?"

"तेच तर. म्हणा ना."

मी एक पाऊल टाकलं. त्या तेवढ्याच मागे गेल्या.

"तसं नाही जिजी," सरूबाई पदरातून बोलली. "खायची वस्तू आहे, म्हणून..."

"तुझ्या बाळंतपणात तुझ्या पोराचे हगरे लंगोट कुणी धुतले गं? याच हातांनी. आणि याच हातांनी तुला डिंकाचे लाडू वळून दिले. तेव्हा बोटं चाटत होतीस."

सरूबाईनं मान खाली घातली. पण पुढे आली नाही.

मी चालत राहिले. खाटा, ओली कापडं, तिखटाची वाटी, बाया, सगळं कठड्याला जाऊन टेकलं. तरी मागेच रेटत होतं. कठड्याच्या विटा वाऱ्यातल्या धोतरासारख्या बाहेर फुगल्या. बायांच्या पाठी गल्लीवर लोंबू लागल्या, आणि त्यांच्या मधोमध पातेलं, वाफाळतं.

"आई, थांबा! आम्ही पडू!"

"मग एकीनं तरी पुढे या."

खाली गल्लीतून भागवत ओरडला, "काय झालं गं?"

"काही नाही!" उज्ज्वला उलटी लोंबत ओरडली. "आईंना जरा ॲसिडिटी!"

कठडा आणखी बोटभर बाहेर गेला. एक वीट सुटली. खाली पडल्याचा आवाज आला नाही.

मी पदर खोचला, बांगड्या वर सारल्या, आणि घाट्याकडे पाऊल उचललं.