संशयितांची यादी

आयसीयूत तीन आठवड्यांत पाच पेशंटना एकाच जंतूचा संसर्ग झाला, आणि तो जंतू कुठल्याच अँटिबायोटिकला दाद देत नव्हता. संसर्ग कुठून पसरतो ते शोधणं माझं काम, त्यामुळे मी कुणावरच विश्वास ठेवत नव्हते. मोठे डॉक्टर हात न धुता पेशंटचं पोट तपासतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सफाईवाल्या मावशी एकच फडकं दोन खाटांना फिरवतात, असा मला दाट संशय होता. मी पॅड घेऊन खाटेखाटेपाशी थांबायचे, ते गादीवर टेकवायचे आणि चुकणाऱ्याचं नाव लिहायचे.

"आल्या बघा पोलीस," मावशी पुटपुटायच्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"चोराच्या मनात चांदणं," मी सुनवायचे.

शेवटी मी सगळ्यांच्या हातांचे, नळांचे आणि फडक्यांचे नमुने घेऊन लॅबवाल्या दादाला दिले. तीन दिवसांनी त्याने मला बोलावलं.

"ताई, तोच जंतू सापडला. फक्त एका नमुन्यात."

"मावशींच्या ना? मला माहीतच होतं!"

"नाही. नमुने द्यायला आलात तेव्हा तुम्ही पॅड माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मी त्याच्यावरूनही एक बोळा फिरवला."

मी खाली पाहिलं. पॅड मी छातीशीच धरलं होतं. वरच्या कागदावर एकवीस नावं होती. माझं तेवढं नव्हतं.