काच दोघांनी धरायची

सकाळी दुकान उघडतानाच धाकट्यानं ताईला बजावलं, "संध्याकाळपर्यंत ठरव. तो राहील, नाहीतर मी."

तो म्हणजे लांब्या. वडिलांच्या मागे काचेचं हे दुकान ताई चालवते. काच बसवायची कामं तिचा धाकटा भाऊ आणि लांब्या मिळून करतात. लांब्या एका पुरुषासोबत संसार करतो. नोकरीला लागतानाच त्यानं ते घरचा पत्ता सांगावा तसं सांगून टाकलं होतं. तेव्हापासून धाकट्याचं तोंड थांबलेलं नाही. कप वेगळा ठेव, जरा लांब उभा राहा, आज 'मालक' न्यायला येणार का. लांब्या ऐकून घ्यायचा आणि काच पुसायचा.

मध्यंतरी ताईनं जोडी बदलून पाहिली. लांब्याला कापायच्या टेबलावर घेतलं आणि धाकट्याबरोबर दुकानातले सर्वांत जुने कारागीर, काका, यांना पाठवलं. धाकट्याला काकांचं काहीच पटेना. ते हळू चालतात, मधेच खोकतात, त्यांच्या हाताला घाम येतो. आणि घडीघडी टेबलापाशी जाऊन तो लांब्याला काहीतरी लागेल असं बोलून यायचा. शेवटी स्वतःच म्हणाला, "दे मला त्यालाच. निदान पाऊल तरी जुळतं."

परवा भावजयीचा फोन आला होता. "ताई, त्याला काढा नाहीतर ठेवा, पण काहीतरी करा. जेवायला बसलं की ह्यांचं सुरू. त्याचा निळा शर्ट, त्याचं हसणं, तो कोणाच्या गाडीवरून उतरला. मी त्या माणसाला एकदाही बघितलेलं नाही, पण रस्त्यात दिसला तर ओळखेन." ती हसली, आणि मधेच हसायची थांबली.

आज एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर मोठी काच न्यायची होती. ताई मुद्दाम बरोबर गेली. जिन्यावरून काच नेताना वरचा माणूस उलटा चढतो. त्याला मागचं दिसत नाही. खालचा सांगेल तसं पाऊल टाकायचं. काकांबरोबर असताना धाकटा पायरीपायरीला मान वळवून बघायचा.

"पायरी," लांब्या खालून म्हणाला. "अजून एक. आता वळण. डावीकडे."

धाकट्यानं एकदाही मागे बघितलं नाही. काचेतून तो लांब्याच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचा ताण पार उतरला होता. शाळेतल्या एका मित्राबरोबर तो असा दिसायचा, ताईला आठवलं. एक दिवस त्याच मित्राला चारचौघांत नको नको ते बोलून त्यानं मैत्री तोडली, आणि नंतर कितीतरी दिवस घरात येरझारा घालत राहिला. इतके महिने ती याला चीड समजत आली होती.

काच चौकटीत बसली. हात मोकळे होताच धाकटा म्हणाला, "चला, आता साबणानं हात धुवायला हवेत."

लांब्यानं हातमोजे काढले. "ताई, तुम्हाला अडचणीत टाकत नाही. मी दुसऱ्या दुकानात बोललोय. एक तारखेपासून या म्हणालेत."

"कुठल्या?" धाकट्यानं विचारलं. आणि उत्तर यायच्या आत, "तिथे तुझ्यासमोर काच कोण धरणार?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि खिशात गाडीची किल्ली शोधू लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

"तुझ्या मर्जीनं जायचं असेल तर जा," ताई लांब्याला म्हणाली. "याच्या तोंडामुळे जाऊ नकोस." मग ती भावाकडे वळली. "ठरव म्हणालास ना? ठरवलं. यापुढे एक जरी टोमणा कानावर आला तर तू घरी. आणि तुला कधी काही सांगावंसं वाटलं तर मला सांग. मी ऐकेन."

"मला काय सांगायचंय," धाकटा म्हणाला आणि धडाधड जिना उतरून गेला.

लांब्या थोडा वेळ हातमोज्यांच्या घड्या घालत राहिला. मग त्या दुकानाला नाही म्हणून कळवतो, म्हणाला.

दोघं खाली आली तेव्हा गाडी सुरू होती. धाकटा गेला नव्हता. लांब्या नेहमीसारखा मागच्या बाकावर बसला. धाकट्यानं समोरचा छोटा आरसा जरा खाली केला, वर केला, पुन्हा खाली केला. मग त्यात छताशिवाय काही दिसू नये असा एकदम फिरवला, आणि गिअर टाकला.