पहिली नोंद

लक्ष्मणराव गजभिये यांनी तेहतीस वर्षं फॅक्टरीच्या आस्थापना विभागात काढली, आणि त्यांच्या हातचं एकही सर्व्हिस बुक ऑडिटमधून परत आलं नाही. हे ते स्वतःच सांगत, त्यामुळे दुसऱ्या कोणी सांगायची वेळ कधी आली नाही. महाराजपुरातल्या त्यांच्या कॉलनीत कोणाची पेन्शन अडली, कोणाच्या आधारवर बापाचं नाव चुकलं, की माणसं त्यांच्याच दारात. "कागदावर नाही ते नाही," असं म्हणून ते चष्मा पुसत. समोरच्याला वाटे, चला, काम झालं.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या सुगतचं लग्न झालं. मुलगी सिहोऱ्याची, रुचिरा. विहारात वंदना झाली, पन्नासेक माणसं जेवली. नोंदणी सावकाश करू म्हणाले, आणि सावकाशीचं जे होतं तेच झालं. त्याच उन्हाळ्यात सुगतनं कॅनडाचा अर्ज भरायला घेतला. एकट्या माणसाला गुण जास्त मिळत होते. बायको दाखवली की तिच्या इंग्रजीच्या परीक्षेचं लचांड, आणि याला मोजून सहा गुण कमी पडत होते. "बाबा, काय करू?" त्यानं विचारलं. लक्ष्मणरावांनी चष्मा पुसला. लग्नाचा दाखला नाही, म्हणजे कागदावर लग्न नाही. "लिही अविवाहित. मग येऊन कोर्टात लग्न कर अन् घेऊन जा तिला."

पार्वताबाई, त्यांची बायको, तेव्हाच म्हणाल्या होत्या, "रोज सकाळी पंचशील म्हणता, अन् चौथं शील काहून विसरून राहिले?" खोटं न बोलण्याचं ते शील. लक्ष्मणरावांनी त्यांना चहा टाकायला पाठवलं.

मंजुरी आली तेव्हा नात, पायल, आठ महिन्यांची होती. निघण्याआधी तिकडून पुन्हा विचारणा आली: काही बदल? लग्न? मूल? सुगत घाबरला. बापानं ऑफिसातला जुना मंत्र दिला, "पहिल्या नोंदीशी दुसरी जुळली पाहिजे. नाही तर ऑब्जेक्शन येतं." सुगतनं मूल नाही असं लिहिलं, पीआर, म्हणजे तिथं कायम राहायची परवानगी, घेतली आणि विमानात बसला. रुचिराला एवढंच सांगितलं की आधी त्याचं, मग तुझं. पोरीनं विश्वास ठेवला. घरच्यांवर नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा?

सुगतला एकाही वर्षी सुट्टी मिळेना. पायल चार वर्षांची झाली. शेवटी रुचिरानंच राइट टाउनमधल्या एका व्हिसा सल्लागाराची वेळ घेतली आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, तुम्ही चला. तुम्हाला कागद समजतात."

सल्लागार अनुपमजी शांतपणे बोलणारा माणूस होता. फाइल चाळून त्यानं एकच प्रश्न केला, "इनके पति ने अपने फॉर्म में इनका और बच्ची का नाम लिखा था ना?"

"लिखा ही होगा," रुचिरा म्हणाली आणि सासऱ्यांकडे पाहिलं. लक्ष्मणराव पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

अनुपमजी समजला. "देखिए दीदी, जिसको उस वक्त छुपाया, उसको बाद में परिवार के नाते नहीं बुला सकते. कभी नहीं." मग तो एकेक वाट सांगत गेला. पर्यटक म्हणून जायचं तर तिथं तुमचं कोण आहे हे लिहावंच लागतं. माणुसकीच्या नात्यानं सूट मागता येते, पण तिथं पहिल्यापासून सगळं खरं सांगायचं, लग्न लावून देणाऱ्या वडीलधाऱ्याचं शपथपत्र जोडायचं. वर्षं लागतात, मिळेलच असं नाही, आणि खोटं लिहिल्याबद्दल नवऱ्याची पीआरही जाऊ शकते.

परतताना ऑटोत रुचिरानं विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं त्याला."

ती रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती रस्त्याकडे पाहत बसली. लक्ष्मणरावांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या सल्ल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगतचा फोन आला. त्याला रात्रीच सगळं कळवलं होतं; तिकडे आता संध्याकाळ होती. त्यानं तोडगा काढला होता, आणि बापाचाच मुलगा तो! कोर्टात आत्ता लग्न करायचं, जणू आत्ताच ओळख झाली. रुचिराला बोलावता येईल. "पण पायलच्या जन्मदाखल्यावर माझं नाव आहे. तिला सध्या तुमच्याकडेच ठेवा, बाबा."

"सध्या म्हणजे किती?" फोन स्पीकरवर होता, रुचिरानंच विचारलं.

"आता ते मी कसं सांगू? तू समजून घे ना, यार."

तिनं फोन सासऱ्यांच्या हातात दिला आणि आत गेली. तासाभरानं ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्यांच्याच कपाटातला कोरा स्टॅम्पपेपर होता. "बाबा, मी ते खरंवालं भरून राहिली. काय व्हायचं ते होऊ द्या. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की लग्न तुमच्यासमोर झालं, अन् पायल तुमची नात आहे."

"सुगतची पीआर जाईल, बेटा."

"जाईल. येईल इकडे. पोरीला बाप मिळेल."

खोटं काय बोलत होती ती? लक्ष्मणरावांनी पेन उघडलं. पाचशे घरांची शपथपत्रं लिहिलेला हात, एका ओळीचं काम. त्यांना सुगतची तिथली खोली दिसली, बर्फात उभं राहून काढलेला फोटो दिसला, कॉलनीत वाटलेले पेढे आठवले. आणि तळाशी आपली सही, जी पाहून तिकडचा अधिकारी मुलाला हाकलून देईल. त्यांनी पेन बंद केलं. "दोन दिवस विचार करू दे," ते म्हणाले.

दोन दिवसांचे नऊ झाले. दहाव्या दिवशी रुचिरानं पायलला घेतलं आणि सिहोऱ्याची बस धरली. भांडण नाही, आरडाओरड नाही. पार्वताबाई त्या दिवसापासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

महिन्याभरानं लक्ष्मणरावांना राहवलं नाही. ते सिहोऱ्याला गेले. रुचिरा पायलला घेऊन शाळेच्या प्रवेशाला निघाली होती. "या," एवढंच म्हणाली. पायलनं मात्र धावत येऊन आजोबांचं बोट धरलं आणि शाळेत पोचल्यावरही सोडलं नाही.

मॅडमनी फॉर्म पुढे केला. रुचिरानं बापाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, सुगत लक्ष्मण गजभिये. मॅडमनी वर पाहिलं. "पिताजी बाहर हैं? तो घर के किसी बड़े के दस्तखत ले लेते हैं. अंकल, आप बच्ची के दादा हैं ना?"

लक्ष्मणरावांची नजर टेबलावरच्या संगणकावर गेली. हल्ली सगळं ऑनलाइन चढतं. चढलं की कुठंही दिसतं. कॅनडातल्या कोणाला सिहोऱ्याच्या शाळेचा फॉर्म पाहायची गरज काय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्या, त्याला प्रत्येक कागदामागे एक चूक काढणारा बसलेला दिसतो.

"नहीं," ते म्हणाले. "जान-पहचान का हूँ."

रुचिराचा हात थांबला. तिनं मान वर केली नाही. पायल आजोबांच्या तोंडाकडे पाहत राहिली, तिला हिंदी चांगली समजत होती.

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. "तो फिर आप बाहर बैठिए, अंकल. अंदर सिर्फ घर के लोग."

लक्ष्मणरावांनी पायलच्या मुठीतून बोट सोडवलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.