एका दिव्याची मोटार

आमच्या ह्यांना कायद्याचं भारी वेड. शनवारा दरवाज्यावर भिकन शिपाई उभा आहे म्हटलं की गाडीवाले आधी कंदील चाचपायचे, मग बैलांचा कासरा. दिवेलागणीनंतर बिनदिव्याची गाडी वेशीतून सोडायची नाही, असा वरचा हुकूम होता आणि तो ह्यांनी जिवापाड जपला होता. घरात मीठ संपलेलं लक्षात राहायचं नाही, पण काल कुणाच्या गाडीला दिवा नव्हता, ते बरोब्बर ठाऊक.

त्या दिवशी सांजच्याला शेजारची भागाबाई धापा टाकत आली. म्हणाली, "सरू, जा लवकर. तुझ्या नवऱ्यानं तुझ्याच भावाची गाडी अडवून ठेवलीय."

मी पदर खोचला आणि चुलीवरचं कालवण तसंच टाकून निघाले. लोटू माझा धाकटा भाऊ. माझं माहेर तापीपलीकडे, जैनाबादला. तिथून तो केळीचे घड भरून लालबागच्या स्टेशनावर निघाला होता. सांजच्या मालगाडीला केळीची वॅगन लागायची. ती चुकली की व्यापारी मालाकडे बघतसुद्धा नाही. लोटूच्या बागेची ती पहिलीच कापणी. नदीच्या उतारावर गाडी आदळली आणि कंदिलाची काच फुटली, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

जाऊन बघते तर गाडी भिंतीला लावलेली, बैल सोडलेले आणि लोटू जोखडावर बसलेला.

"ताई, सांग बरं दाजींना," तो म्हणाला. "मी काय चोरीचा माल नेतोय?"

मी ह्यांना म्हटलं, "अहो, घरचा माणूस आहे. जाऊ द्या त्याला."

"घरचा आहे म्हणूनच नाही सोडत," हे म्हणाले, आणि तेही सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. "उद्या लोक म्हणतील, भिकन मेव्हण्याला सोडतो अन् आम्हाला अडवतो. माझ्या दरवाज्यात सगळे सारखे. लाटसाहेबाची गाडी बिनदिव्याची आली तरी थांबवीन."

मला असा राग आला की विचारू नका. पण खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी बरंही वाटलं. आपला माणूस हट्टी आहे, पण सरळ आहे, असं वाटलं. पानवाला निंबा, तेलीण, चार गाडीवाले, सगळे कान देऊन ऐकत होते.

लोटू म्हणाला, "बघा दाजी, तो आलाच तुमचा लाटसाहेब."

बाजाराकडून मोटार येत होती. तिचा एक दिवा लागलेला, दुसरा ठार विझलेला. गावात तशा मोटारी दोन-चारच, त्यामुळे बघताक्षणी कळलं की हा गिरणीचा केलरसाहेब. नवी यंत्रं बसवायला आलेला. तो इंग्रज नव्हता म्हणे. स्वित्झर्लंड का कुठल्याशा डोंगरी मुलखाचा, तिथं राजाच नाही. पण आपल्याला काय, गोरा दिसला की साहेब. ड्रायव्हर न ठेवता स्वतःच गाडी चालवायचा, म्हणून लोक त्याला जरा येडाच समजत.

हे रस्त्याच्या मधोमध गेले. हात वर केला, तळवा समोर, बोटं ताठ, रोज बैलगाड्यांपुढं करतात तसा. मोटारीचा वेग कमी झाला, आत साहेबाची टोपी दिसली, आणि काय सांगू तुम्हाला, तोच हात कोपरात वाकला आणि कपाळाला गेला. टाचाही जुळल्या. सलाम ठोकून हे बाजूला झाले.

पण मोटार थांबली होती. साहेब खाली उतरला. पुढं जाऊन विझलेला दिवा बघितला, खिशातून लायसन काढलं आणि ह्यांच्यापुढं धरलं.

"बत्ती खराब. हमारा गलती. लिखो."

"जाइए हुजूर," हे म्हणाले.

"नहीं. तुम हमको रोका."

"नहीं हुजूर. सलाम किया."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबाला काही उमगेना. त्यानं भिंतीला लावलेली गाडी बघितली आणि विचारलं, "यह क्यों खड़ा?"

हे टाचा जुळवून ताठ उभे. मग लोटूच म्हणाला, "बत्ती नहीं, साहेब."

साहेबानं एकदा केळी बघितली, एकदा आपली मोटार बघितली. मग मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागला. विलायतेत तो काही वर्षं राहिला होता, तिथंही परदेशीच. एकदा असाच दिवा गेला, तर पोलिसानं रस्त्यात थांबवलं, चांगलं झापलं आणि पावसात पायी घरी पाठवलं. "हमको बहुत शरम आया," तो म्हणाला. "लेकिन वह सबको रोकता." एवढं बोलून त्यानं मोटार मागं घेतली, लोटूच्या गाडीशेजारी भिंतीला नेऊन लावली आणि इंजिन बंद केलं.

मी मनातल्या मनात हात जोडले. लिहा हो, म्हटलं, दोन अक्षरं लिहा. तो माणूस स्वतः लायसन घेऊन उभा आहे, तुम्हाला नुसती पेन्सिल काढायची आहे. पण ह्यांचे हात मांड्यांना चिकटून राहिले.

तेवढ्यात चौकीतून जमादार धावत आला. साहेबाची मोटार बैलगाडीशेजारी बघून त्याचा चेहरा उतरला. "साहेबाला अडवलंस? अक्कल गहाण टाकलीस का?"

"मी नाही अडवलं, जमादारसाहेब," हे म्हणाले. "आईच्यान नाही अडवलं." भर बाजारात आईची शपथ घेतली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

जमादारानं चौकीतला कंदील आणवून ह्यांच्या हातात दिला. "चल, पुढं हो. बंगल्यापर्यंत साहेबाला उजेड दाखव."

साहेब "नहीं, नहीं" करत राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते. जमादार काही ऐकेना, तेव्हा साहेबानं मोटारीचं दार उघडलं आणि ह्यांना म्हणाला, "बैठो. बत्ती लेके इधर बैठो."

जमादारही नको म्हणाला नाही. ती जागा रिकामी होती. बसले असते तर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"हुजूर की बराबरी में कैसे बैठूँ," हे म्हणाले आणि कंदील घेऊन पळायला लागले.

मोटार हळूहळू मागून निघाली. कितीही हळू गेली तरी ती मोटारच, ह्यांना पळावंच लागत होतं. पायाला गुंडाळलेली वर्दीची पट्टी सुटून धुळीत लोळत होती. निंबा पानवाला ओरडला, "भिकनभाऊ, तेल आहे ना कंदिलात?" सगळे हसले. लोटू नाही हसला. मी लोटूकडं बघितलंच नाही.

हे परत आले तेव्हा अंधार पडला होता. त्याआधीच मालगाडीची शिट्टी आम्ही दोघा बहीणभावांनी ऐकली होती. हे घामानं भिजलेले, ऊर धपापतोय. कुणाकडं न बघता लोटूला म्हणाले, "जा तू. जुंप बैल."

"आता कुठं जाऊ, दाजी? वॅगन गेली."

"स्टेशनावर जा. सकाळी एखादा व्यापारी घेईल. हा कंदील ने."

लोटूनं कंदिलाकडं बघितलं, पण हात पुढं केला नाही. सावकाश बैल जुंपले, जोखडापाशी बसला आणि कासरा हातात घेऊन म्हणाला, "मी बिनदिव्याचा चाललोय, दाजी. अडवा मला."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. बैल दरवाज्याकडं निघाले.

मघाशी मी ह्याच गाडीला सोडा म्हणून भांडत आले होते. आता मला वाटत होतं, अडवा हो. माझा सख्खा भाऊ आहे, तरी अडवा. एवढा एक हात वर करा, मी जन्मात तुम्हाला बोल लावणार नाही.

गाडी ह्यांच्या अगदी पुढ्यात आली. लोटूनं कासरा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं ह्यांना सलाम केला.

हे बाजूला झाले आणि गाडीला वाट दिली.