बेकरीच्या घंटेला हात लावायचा कुणी?

मित्रांनो, दूरदेशीच्या हार्लिंगन बंदराजवळच्या टोस्टच्या बेकरीत भट्टीसमोर टांगलेली म्हातारी घंटा, ती मीच. मी काशाची आहे, कडेला जराशी चेपलेली. ओताऱ्याने मला घडवलं ते एका मासेमारी बोटीसाठी. दाट धुक्यात मी कितीतरी वर्षं वाजत राहिले. मग बोट मोडीत निघाली आणि बेकरीचे मालक ओबे यांनी मला विकत आणलं.

ओबेंनी मला जाड दोर बांधला आणि सगळ्या कामगारांना बोलावून सांगितलं, "काही बिघडलंय असं नुसतं वाटलं, तरी ओढा. मला विचारत बसू नका."

मी वाजले की यंत्रं थांबत. सरकत्या पट्ट्यावरचे गोल टोस्ट जागच्या जागी उभे राहत आणि ओबे पिठाचे हात पुसत धावत येत. कुणी ओढलं, कशाला ओढलं, असं ते कधी विचारत नसत. त्यांच्या काळात मी खूप वाजले. नाताळ जवळ आला की कामावरच्या बायका मला घासून लखलखीत करत.

पुढे ओबे थकले. बेकरी एका मोठ्या कंपनीकडे गेली आणि योरित नावाचा तरुण व्यवस्थापक आला. तो वाईट नव्हता, मित्रांनो. सगळ्यांच्या आधी येई, सगळ्यांची नावं त्याने पाठ केली होती. पण रोज किती माल निघाला, याचा जाब त्याला वर द्यावा लागे. म्हणून त्याने भिंतीवर एक फळा लावला. यंत्र कुणी थांबवलं आणि किती वेळ थांबवलं, ते नावासकट त्यावर लिहायचं. तो कुणावर ओरडला नाही. फक्त लिहीत गेला.

तेवढं पुरलं. माझ्या दोराला कुणी हात लावेना. माझ्यावर पिठाची पुटं चढली, पोटात कोळ्याने जाळं विणलं.

पट्ट्याच्या टोकाशी रिन्स्के आणि वित्से पाकिटं भरत. एका दुपारी रिन्स्के म्हणाली, "वित्से, जळका वास येतोय का रे?"

"येतोय. पण मागे एकदा तुझं नाव लागलं होतं ना फळ्यावर? गप बस. आता सुटायचीच वेळ झाली."

रिन्स्केने माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे, आणि मान खाली घातली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण घंटेला आपण होऊन वाजता येत नाही. थोड्याच वेळात पट्ट्याखालचा तापलेला रूळ अडकला, पट्टा तुटून उसळला आणि वित्सेच्या हातावर बसला. त्याची दोन बोटं मोडली.

संध्याकाळी योरित रिन्स्केपाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता. "वास आला होता, मग वाजवली का नाहीस?"

"खरं सांगू? वास खोटा निघाला असता, तर तू काय केलं असतंस, योरित?"

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांदेखत माफी मागितली आणि फळा काढून टाकला. मला वाटलं, आता मी वाजणार! पण छे. भिंतीवर फळ्याच्या जागी उजळ चौकोन उरला होता आणि माणसं त्या चौकोनालाही भीत होती.

मग योरित रोज सकाळी एप्रन बांधून वित्सेच्या जागी उभा राहू लागला. एकदा त्याने एकदम माझा दोर ओढला. जाळं तुटलं आणि पिठाचा लोट त्याच्याच डोक्यावर आला. सगळे धावले.

"पाकिटावरचं चित्र उलटं छापलंय," तो म्हणाला. "पवनचक्की बघा, डोक्यावर उभी आहे!"

रिन्स्केने पाकीट घेतलं, फिरवलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! तू पाकीटच उलटं धरलंयस!"

हशा पिकला. कुणीतरी मागून ओरडलं, "लिहा रे याचं नाव फळ्यावर!"

योरितचे कान लाल झाले. आता हा चिडणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण तोही हसला. "म्हणजे पाकीट ठीक आहे. बरं झालं. पण मी उद्याही ओढणार हं, आधीच सांगून ठेवतो."

तो खरंच चुकला होता की मुद्दाम, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी रिन्स्केने दोर ओढला. "मला नक्की माहीत नाही," ती चाचरत म्हणाली, "पण टोस्टमध्ये काहीतरी चमकल्यासारखं वाटलं." योरित तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि दोघं एकेक टोस्ट मोडून बघू लागली. चाळणीची बारीक तार कणकेत गेली होती. आमचे टोस्ट इथल्या रीतीप्रमाणे बाळ जन्मलेल्या घरी जातात, वर बडीशेपेच्या गोळ्या पसरून पाहुण्यांना देतात. ती तार कुणाच्या घशात गेली असती, कोण जाणे! त्या दिवशी माल निम्माच निघाला. कंपनीतल्या वरच्या लोकांना काय सांगायचं ते योरितने सांगितलं.

आता मी पुन्हा वाजते. कधी कधी उगाचही वाजते. वित्से कामावर परतलाय. त्याचं एक बोट वाकडंच राहिलं, म्हणून तो डाव्या हाताने दोर ओढतो.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुणीतरी घाबरत घाबरत हात वर करत असेल. कदाचित त्याचं चुकतही असेल. तरी आधी त्याच्याजवळ जा आणि तो दाखवतोय तिकडे बघा. मला घासलं-पुसलं नाहीत तरी चालेल, काशाची आहे मी, टिकेन. दोर ओढणाऱ्याला तेवढं जपा.