पेर्ला इथं कायम असते

निक्तेने डॉल्फिनच्या पाठीवरच्या परावरून हात फिरवला, टोकापासून बुडापर्यंत. मग पुन्हा एकदा, बोटं दाबून.

“हळू गं,” डॉल्फिनला शिकवणारा उरिएल म्हणाला. “तिला गुदगुल्या होतात.”

“इथं खाच होती. माझं बोट मावायचं तिच्यात.”

“भरून आली असेल. पाच वर्षं झाली ना?” गळ्यातली शिट्टी चाचपत तो हसला. “तूही केवढीशी होतीस तेव्हा.”

निक्तेने हात काढून घेतला आणि तो पाण्याखाली जाकिटाला पुसला.

पाण्याखालच्या फळीवर तिघं ओळीने उभी होती. आधी एफ्राइन, मग त्याची मुलगी निक्ते, शेवटी त्याची दुसरी बायको मिर्ना. समुद्राचा हा चौकोन जाळीने वेगळा काढलेला होता. जाळीच्या अलीकडचं पाणी नि पलीकडचं पाणी एकाच रंगाचं होतं. वर, झावळ्यांच्या सावलीत एफ्राइनची आई, दोन्या एल्दा, सगळ्यांच्या वस्तू मांडीवर घेऊन बसली होती. दागिने घालून पाण्यात उतरू देत नाहीत, म्हणून मिर्नाने बोटातली अंगठीही तिच्याच हवाली केली होती.

“दे इकडे,” म्हातारी म्हणाली होती. “रोसारियोचीही मीच सांभाळली होती.”

रोसारियो म्हणजे निक्तेची आई. चार वर्षांच्या निक्तेला कडेवर घेऊन ती याच फळीवर उभी राहिली होती. पुढच्या वर्षी ती गेली. मिर्ना या घरात आली त्याला आता दोन वर्षं होत आली होती. मेरिदाहून एवढ्या लांब गाडी हाकत यायची कल्पना एफ्राइनची. “तीच जागा, तीच पेर्ला,” आठवडाभर तो हेच घोकत होता. “पोरीला बरं वाटेल. आणि तुम्हा दोघींचंही जरा…”

उरिएलने हात वर केला. पेर्ला आली, तिने एफ्राइनच्या गालाला तोंड टेकवलं आणि वळून बादलीपाशी जाऊन तोंड उघडलं. मासा पडला. मग ती निक्तेपाशी आली, गालाला तोंड टेकवलं, वळली, बादलीपाशी गेली.

“बघितलंस? ओळखलं तिनं तुला,” एफ्राइन म्हणाला.

“हो, बाबा.”

निक्ते डॉल्फिनकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष बादलीवर होतं.

मग फेरी झाली. पराला धरून निक्ते जाळीच्या कडेकडेने ओढली गेली. प्रत्येक कोपऱ्यात पेर्ला न बघता एकाच ठिकाणी वळत होती, जशी माणसं अंधारात आपल्या घरचा जिना उतरतात. परत आल्यावर उरिएलने मुलीला हाक मारायला शिकवली: पाण्यावर दोनदा तळवा आपटायचा आणि लाडाने, लांबवून नाव घ्यायचं.

“पेर्लाऽ, पेर्लाऽ.”

पेर्ला आली.

निक्तेने पुन्हा तळवा आपटला. “बटाटाऽ, बटाटाऽ,” त्याच लाडाच्या सुरात ती म्हणाली.

पेर्ला आली.

एफ्राइन खो खो हसला. “काय चावट कार्टी आहे.” उरिएलही हसला, पण जरा उशिरा. मिर्ना हसली नाही. निक्तेचा चेहरा तिला दिसत होता.

सगळी अंग धुवायला गेल्यावर मिर्ना मागे रेंगाळली. उरिएल बादलीतलं पाणी फेकत होता.

“ही कितवी?” तिने विचारलं.

“कितवी काय, बाई?”

“पेर्ला.”

त्याने ऑफिसच्या दाराकडे बघून घेतलं. “मी आल्यापासून तिसरी,” तो हळूच म्हणाला. “काय करणार? लोक वर्षांनी परत येतात आणि विचारतात, पेर्ला कुठाय? नाही म्हटलं की पोरं रडतात, मग आईबाप आमच्यावर ओरडतात. म्हणून पेर्ला इथं कायम असते.” बादली पालथी घालत तो म्हणाला, “नाव शिकवावं लागत नाही. बादली दिसली की झालं.”

मिर्ना वळली तर मागे निक्ते उभी होती, खांद्यावर टॉवेल, पाय अनवाणी. पोहायचा चष्मा ती विसरली होती. तिने खुंटीवरून तो काढला आणि निघून गेली.

जेवायला सगळी तिथल्याच खानावळीत बसली. लिंबाचं सूप आलं, पानुचोंची, म्हणजे घेवडा भरून तळलेल्या मक्याच्या पोळ्यांची, ताटली आली. एफ्राइन खुशीत होता. पुढच्या वर्षीही यायचं, असं त्याने दोनदा सांगून टाकलं. दोन्या एल्दा सुपातले मिरचीचे तुकडे चमच्याने कडेला सारत होती.

“आईऽ,” निक्ते म्हणाली. “लिंबू दे ना.”

एफ्राइनचा घास हातातच राहिला. दोन वर्षांत तिने हा शब्द मिर्नासाठी कधी वापरला नव्हता. मिर्नानेही कधी मागितला नव्हता, पण भांडी घासताना, पोरीचे केस विंचरताना, शाळेच्या दाराशी ताटकळत उभी असताना तिचा कान त्याच शब्दाकडे असायचा. तिचा हात आपोआप लिंबाच्या वाटीकडे गेला.

आणि मग तिला तो सूर कळला. लाडिक, लांबवलेला. निक्ते टेबलापलीकडून तिच्याकडे टक लावून बघत होती. येते का नाही, ते बघत होती.

मिर्नाने लिंबाची फोड तिच्या ताटलीत ठेवली.

“मला मिर्नाच म्हण,” ती म्हणाली. “माझं नाव ते आहे. आई तुझी रोसारियो होती.”

शेजारच्या टेबलावर पोरं डॉल्फिनबरोबरच्या फोटोंवरून भांडत होती.

“तिनं आपणहून म्हटलं, मिर्ना,” एफ्राइन म्हणाला. “आपणहून. मी या दिवसासाठी…”

“ऐकलं मी.”

“ऐकलंस? आणि असं तोंडावर फेकलंस तिच्या?”

“पोटची असती म्हणजे कळलं असतं,” दोन्या एल्दा सुपात बघत एफ्राइनला म्हणाली. “मी लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं तुला. तुला कुठं पटतं.”

एफ्राइनने रुमाल टेबलावर टाकला आणि आपले फोटो घेऊन येतो म्हणून तो उठला. “थांब, मीही येते,” असं म्हणत दोन्या एल्दाने खुर्ची मागे ढकलली. “मला नाही इथं बसवत.” पाठमोरी होताना तिने मिर्नाची अंगठी आपल्या रुमालाच्या गाठीतून सोडवली आणि मिठाच्या भांड्याशेजारी ठेवून दिली.

दोघीच उरल्या. निक्तेने लिंबू सुपात पिळलं, बी बोटाने काढून टाकलं.

“पहिली पेर्ला कशानं मेली?” तिने विचारलं. आता तिचा आवाज नेहमीचा होता.

“मी विचारलं नाही.”

“बाबांना सांगू नकोस हां. त्यांना वाटतंय तीच आहे.”

“नाही सांगणार.”

निक्ते चमचा फिरवत राहिली. “आजी म्हणते, आई झोपेत गेली. मी आजीच्याच खोलीत होते. मला कुणी उठवलंसुद्धा नाही.”

मिर्नाला खरं काय ते ठाऊक होतं. लग्नाआधी एकदाच एफ्राइनने ते सांगितलं होतं, आणि पुन्हा कधी विषय काढायचा नाही असं वचन घेतलं होतं. सबंध पावसाळा रोसारियो दवाखान्यात पडून होती. रोज पोरीला आणा म्हणायची. तिला असल्या अवस्थेत लेकराने बघायचं नाही, असं दोन्या एल्दाने ठरवलं होतं आणि आईपुढे एफ्राइनचं काही चाललं नव्हतं. किंवा त्याने चालवून बघितलंच नव्हतं.

तिकडे फोटोंच्या खिडकीशी तो एक फोटो उजेडात धरून आईला दाखवत होता. म्हातारी मान डोलावत होती.

मिर्ना उठून निक्तेच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

“झोपेत नाही गेली,” ती म्हणाली. “पुष्कळ दिवस दवाखान्यात होती. आणि रोज तुला बोलवायची.”

निक्तेचा चमचा थांबला. तिने सुपाची वाटी पुढे सरकवली.

“मग मला का नाही नेलं?”

एफ्राइन परत येत होता. एका हातात फोटोंचं पाकीट, दुसऱ्या हाताला आई. पोरीला दाखवायला म्हणून त्याने दुरूनच पाकीट उंच धरलं होतं आणि कसंनुसं हसू तोंडावर आणलं होतं.

“ते येताहेत,” मिर्ना म्हणाली. “विचारू आपण.”