इंजिनाचा जप

पिकअप स्टँडवर त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध वहिनींची पांढरी पिकअप उभी, इंजिन चालू, आणि माणसं आळीपाळीने बॉनेटला कान लावतायत. टक, टक, टक, टक. इंजिन जप करत होतं म्हणे! एका आजोबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

"ऐका, ऐका!" गाड्यांचे धोक्याचे दिवे मंत्राने विझवणारा दिवेबाबा एका पालथ्या खोक्यावर उभा राहून ओरडत होता. "चार दिवसांपूर्वी हिचा लाल डोळा पेटला होता. अकरा श्वासांत मिटवला मी! आता आत्मा शांत झाला, म्हणून बोलायला लागली. तेलात तेज, पिस्टनात प्राण!"

तेलात तेज, पिस्टनात प्राण आणि भक्तांच्या डोक्यात भुसा. हा गृहस्थ पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. तो धंदा बसला आणि याला सिद्धी मिळाली.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री हात पुसत गर्दीत घुसला. त्याला जपबिप काही ऐकू आला नाही. बेअरिंगची वाट लागल्याचं ऐकू आलं. चार दिवसांपूर्वी त्यानेच वहिनींना सांगितलं होतं, ऑइलचा दाब कमी दिसतोय, गाडी चालवू नका, खालचं ऑइलचं चेंबर खोलून बघावं लागेल, दोन दिवस लागतील. नवरा गेल्यावर वहिनींनी स्वतः स्टिअरिंग धरलं होतं. दोन पोरं त्याच गाडीवर जेवत होती. त्यांच्याकडे दोन दिवस नव्हते, आणि बाबाला अकरा श्वास पुरत होते.

"वहिनी, इंजिन बंद करा."

"मिस्त्रीभाऊ, खाणीवर पोचायचंय. मागे अठरा माणसं बसलीत."

"म्हणूनच सांगतोय. खाणीच्या उतारावर इंजिन जाम झालं तर ब्रेक दगडासारखा घट्ट होईल, दाबलाच जाणार नाही. अठराच्या अठरा दरीत जातील, आणि तुम्हीही."

वहिनींनी इंजिन बंद केलं. जप थांबला. कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

"आता नुसती चावी फिरवा, स्टार्ट मारू नका. कुठला दिवा पेटला?"

"बॅटरीचा."

"आणि ऑइलचा?"

"नाही पेटला. बाबांनी विझवलाय ना तो!"

"अहो, इंजिन बंद आहे. इंजिन बंद तर पंप बंद, पंप बंद तर दाब शून्य. अशा वेळी तो दिवा पेटायलाच पाहिजे. नाही पेटला म्हणजे गाडी बरी झाली नाही. तिचं तोंड बांधलंय कुणीतरी."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, इंजिनाच्या कडेला हात घातला आणि एक वायर बाहेर ओढली. टोकाला काळी टेप गुंडाळून ती दोन नळ्यांमागे खोचून ठेवली होती. त्या दिवशी बाबाने अकरा श्वास सगळ्यांना डोळे मिटायला लावले होते, ते यासाठी. त्याने टेप सोलली, वायर जागेवर बसवली. लाल दिवा झटकन पेटला.

"अश्रद्ध हात लागला!" बाबा किंचाळला. "शक्ती निघून गेली!"

आणि काय सांगावं, अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या.

मिस्त्रीने दिव्याचा सेन्सर काढून तिथे दाब मोजायचं काट्याचं गेज लावलं आणि इंजिन दहाच सेकंद चालवलं. काटा शून्यावरून जेमतेम हलला. मागची अठरा माणसं, न सांगता, एकेक करून खाली उतरली.

गाडी ढकलत गॅरेजात नेली. मागून गर्दीही आली, फुकटचा तमाशा कोण सोडतो? दुपारी मिस्त्रीने ऑइल काढून चेंबर खाली घेतलं. पंप जिथून तेल ओढतो ती जाळी बोटाएवढ्या लाल रबरी तुकड्यांनी बुजली होती. तेल वर जाणार कुठून? त्याने एक बेअरिंग उघडलं. वरचा थर घासून गेला होता, खालचं तांबं चमकत होतं.

मग मिस्त्रीने जाळीतला एक रबरी तुकडा उजेडात धरून पाहिला. तुकडा त्याच्या ओळखीचा होता. सहा महिन्यांपूर्वी हेच चेंबर गळत होतं, तेव्हा त्यानेच ते बसवलं होतं. पुन्हा गळायला नको म्हणून सांधा बुजवायची, सुकून रबर होणारी लाल पेस्ट बोटभर जास्त फासली होती. आत गेलेली पेस्ट सुटून जाळीत अडकली. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्याला लाज वाटली, भीतीही वाटली.

"वहिनी, ही चूक माझी," तो म्हणाला. "पेस्ट मी जास्त लावली. चार दिवसांपूर्वी जाळी साफ झाली असती तर एवढ्यावरच भागलं असतं. दिवा मुका केल्यामुळे तुम्ही गाडी चालवत राहिलात आणि बेअरिंगं गेली. आता पूर्ण इंजिन उतरवावं लागेल. मजुरी घेणार नाही. पण पंधरा दिवस लागतील."

"म्हणजे चोर हाच!" मागून आवाज आला. "बाबांचं नाव उगाच खराब केलं!" आजोबा थुंकून निघून गेले. बघता बघता गॅरेज रिकामं झालं. संध्याकाळपर्यंत दोन ड्रायव्हर आपापल्या गाड्या मिस्त्रीकडून काढून बाबाच्या रांगेत उभे राहिले. ज्याने चूक कबूल केली तो बदनाम, आणि ज्याने वायर काढली तो अजूनही बाबा!

वहिनी तेवढ्या स्टुलावर बसून होत्या. खाणीचं काम गेलं होतं, दुसऱ्या गाडीवाल्याने दुपारीच धरलं होतं.

"तुमच्याच गॅरेजात बसून तुम्हाला शिव्या घालाव्यात असं वाटतंय," त्या म्हणाल्या.

"घाला."

"घालीन. आत्ता त्या बाबाला जाब विचारला तर म्हणाला, तुझीच श्रद्धा कमी पडली." त्यांनी डोळे पुसले. "मीच तेव्हा विचारलं नाही हो. दोन लेकरांची आई मी, आणि एकदा विचारलं नाही की काय केलंस ते दाखव म्हणून!"

वाचणाऱ्यांनो, एवढंच विचारायचं असतं. बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, मिस्त्रीलाही सोडू नका. खरं काम करणारा दाखवतो, चुकला तर चुकलो म्हणतो. जो दाखवत नाही, त्याच्या हातात आपली गाडी देऊ नये, आपली माणसं तर नाहीच नाही.

"उद्यापासून काढा इंजिन," वहिनी उठत म्हणाल्या. "पण मी रोज इथे बसणार. प्रत्येक बोल्ट मला दाखवून लावायचा. तुमच्यावर आता माझा विश्वास नाही."

"नकाच ठेवू," मिस्त्री म्हणाला. "बसा."